मुंबईच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक : प्रवाळ, मासे आणि विजेचं बिल

मिठागररोडकर :

गोड्या पाण्याच्या धाग्यावर दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "ते खाऱ्या पाण्याचं काय हो? तो नारिंगी-पांढरा मासा, ते हलणारे प्रवाळ?" तिथे उत्तर देत बसलो की गप्पी आणि एंजलवाले वैतागतात. म्हणून हा वेगळा धागा.

माझा टँक चार बाय दोन बाय दोन फुटांचा, खाली कपाटात संप (फिल्टर वगैरे ठेवायची दुसरी टाकी), घर मुलुंडला. प्रवाळ फक्त मऊ जातीचे, मासे मोजके. सामान कोणतं घ्यावं हे सांगायला दुकानदार बसलेत. मी इथे मुंबईत काय होतं तेवढंच लिहितो, कारण बाहेरच्या देशांतले व्हिडिओ बघून सुरुवात करणाऱ्यांचं गणित नेमकं तिथेच फसतं. तिकडे सगळी चर्चा हीटरची. आपल्याकडे हीटर खोक्यातून बाहेर काढायची वेळ क्वचित येते.

प्रवाळाला पाणी २५ ते २७ अंशांत लागतं. एप्रिल-मे महिन्यात बंद फ्लॅट ३२-३३ पर्यंत सहज जातो आणि पंप-दिव्यांची उष्णता वर वेगळी. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याचं बरंचसं अन्न तेच तयार करतं. पाणी तापलं की प्रवाळ या शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हेच झालं. तिथे समुद्रात, इथे आपल्या हॉलमध्ये, यंत्रणा एकच.

पंखा लावून पाणी थंड ठेवता येतं हे खरं, पण ते बाष्पीभवनावर चालतं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात. आपल्याकडे मे अखेरीस हवा इतकी दमट असते की पाणी उडायला जागाच नसते. जुलैत तर विचारूच नका. म्हणजे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) आला, किंवा चोवीस तास एसी. चिलर कपाटात कोंडू नका, तो पाण्यातली उष्णता काढून हवेतच फेकतो. बंद कपाटात तीच गरम हवा पुन्हा आत ओढतो आणि दिवसभर चालूच राहतो.

बिलाचं गणित सरळ करून दाखवतो. चिलर ३०० वॅटचा धरा, उन्हाळ्यात दिवसाला दहा तास चालला तर ३ युनिट. पंप, वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह फिरवणारा), स्किमर (बुडबुड्यांनी घाण बाहेर काढणारा) मिळून ८० वॅट, चोवीस तास, म्हणजे जवळजवळ २ युनिट. दिवे १५० वॅट, नऊ तास, १.३५ युनिट. महिन्याला १९० युनिटच्या आसपास. आकडा फार मोठा वाटत नाही, पण हे घरच्या वापराच्या वर चढतात. फ्रिज-एसीने आधीच ३०० युनिट ओलांडलेल्या घरात हे सगळे महागड्या स्लॅबमध्ये पडतात. मासे परवडतात हो, स्लॅब परवडत नाही.

पाण्याबद्दल सावकाश लिहितो. प्रश्न विचारा.

रानमेवा :

छान धागा! माझा प्रश्न अगदी बाळबोध आहे. आपण समुद्राकाठी राहतो, मग समुद्राचंच पाणी का नाही आणायचं? नवरा म्हणतो गेटवेहून दोन कॅन भरून आणू. आणि ते जमत नसेल तर मुलुंड-भांडुपच्या मिठागरांचं मीठ विरघळवून चालेल का? तुमच्या आयडीवरूनच सुचलं. :)

मिठागररोडकर :

बाळबोध मुळीच नाही, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो.

किनाऱ्याजवळचं पाणी नको. सांडपाणी, तेलाचा तवंग, गाळ हे तर आहेच, पण पावसाळ्यात खाड्या-नद्यांचं गोडं पाणी येऊन मिळालं की क्षारताही घसरते. आज आणलेलं आणि महिन्याने आणलेलं पाणी सारखं नसतं. प्रवाळाला मारतो तो हा चढउतार.

मिठाचं जरा मजेशीर आहे. मिठागरात पाणी आटत जातं तसा आधी जिप्सम खाली बसतो, म्हणजे कॅल्शियमचा मोठा वाटा तिथेच गेला. मग मीठ धरतं. आणि शेवटी उरलेलं कडवट पाणी सोडून देतात, त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असतं. म्हणजे आपल्या हाती येतो तो समुद्रातला सोडियम क्लोराइड, बाकीचा समुद्र आगरातच राहिला. त्यात प्रवाळ जगत नाही. रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळाच्या टँकसाठी, तयार मिश्रण येतं, त्यात हे सगळे क्षार प्रमाणात असतात. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम घातलं की क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळ येतं. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवा. साध्या पाण्यावर शून्य दाखवला म्हणजे वर बरोबरच दाखवेल असं नसतं.

विरघळवायला पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर डीआयच्या काडतुसातून उरलेसुरले क्षारही काढलेलं. किचनमधलं आरओ चालत नाही, बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी किंवा मिनरल परत मिसळतात. महापालिकेचं पाणी तलावांचं, टीडीएस मीटरवर आकडा कमीच दिसतो. पण क्लोरीन असतो, सिलिकेट असतं, जुन्या इमारतींच्या पाइपातून काय उतरत असेल ते वेगळंच. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर डीआयचं काडतूस फार लवकर संपतं. मीटरवर शून्य हवं, बस.

आणि हे पाणी ड्रममध्ये साठवाल तेव्हा झाकण घट्ट लावा. स्वच्छ, साचलेलं, गोडं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासाला आमंत्रण. पावसाळ्यात तपासणीला येणारे आधी तोच ड्रम उघडतात.

सातवा_मजला :

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, मासे पाळत नाही. पण हे वाचून राहवलं नाही.

४×२×२ फूट म्हणजे १६ घनफूट, साधारण ४५० लिटर. खारं पाणी, दगड, वाळू, काच, स्टँड आणि खालचा संप मिळून वजन ६०० किलोच्या वर जातं. हे सगळं पाऊण चौरस मीटर जागेवर. राहत्या खोलीची जमीन आपल्याकडे चौरस मीटरला २०० किलोचा वापराचा भार धरून डिझाइन करतात. तो भार पूर्ण खोलीत पसरलेला धरतात, त्यामुळे एका जागी थोडा जास्त आला म्हणून स्लॅब लगेच कोसळत नाही. पण म्हणून कुठेही ठेवायचा नाही. भिंतीलगत, शक्यतो खाली बीम असेल तिथे, कोपऱ्यात ठेवा. खोलीच्या मधोमध पार्टिशनसारखा उभा करू नका. आणि बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी तर बिलकूल नको, ती बहुतेक ठिकाणी बाहेर काढलेला कॅन्टिलिव्हर (एकाच बाजूने आधार असलेला स्लॅब) असतो.

जुनी चाळ, लाकडी तुळया, "पुनर्विकास होणारच आहे" अशी इमारत असेल तर दोन फुटी टँकवर समाधान माना. खालच्या घरच्यांशी संबंध चांगले राहतील.

शेजारचा_बंड्या :

खालच्या घरच्यांच्या बेडरूममध्ये हाजीअलीचा दर्शनसोहळा नको म्हणता तर. बरं, माझा प्रश्न. पोरीला तो निळा मासा हवाय, पिवळ्या शेपटीचा. दुकानदार म्हणतो दोन फुटी टँकमध्येही राहतो. खरं का?

मिठागररोडकर :

नाही. तो ब्लू टँग, पॅराकॅन्थुरस. दुकानात अडीच इंचांचा दिसतो, वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर पोहत राहणारा मासा आहे. माझ्या चार फुटीतही मी ठेवत नाही. शिवाय २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठात तो पहिल्यांदा बंदिस्त पैदाशीतून वाढवला, तरी बाजारात येणारे अजून मुख्यतः समुद्रातून पकडलेलेच. फिलिपाइन्स-इंडोनेशियाकडे सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडायची रीत वर्षानुवर्षं चालली. त्यात वाचलेला मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि काही आठवड्यांनी कारण न कळता जातो.

मुलीसाठी क्लाऊनफिशची, म्हणजे त्या नारिंगी-पांढऱ्या माशांची, जोडी घ्या, पैदाशीतली. आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाऊनफिशची हॅचरी आहे, म्हणजे हा मासा टाक्यांत वाढू शकतो याचा पुरावा ठाणे खाडीच्या काठीच आहे. दोन लहान पिल्लं एकत्र सोडा. सगळी क्लाऊनफिश आधी नर म्हणून वाढतात, दोघांतला जो वरचढ तो मादी होतो. मादी मेली तर उरलेला नर मादी होतो. हे ठरताना बघायला मिळतं: लहान मासा मोठ्यासमोर आला की अंग तिरकं करून थरथरतो, दोन-तीन सेकंद, आणि बाजूला होतो. ते भांडण नाही, "तू मोठी" असं कबूल करणं आहे. मुलीला हे दाखवा, निळा मासा विसरेल.

दर्यासारंग :

मला हा छंदच पटत नाही. समुद्रात जे आहे ते समुद्रात राहू द्या ना. मुंबईकरांना तर प्रवाळ बघायला विकत घ्यायचीही गरज नाही. हाजीअली, वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. सागरी किनारा रस्त्याच्या कामात २०२० साली तिथल्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांच्या देखरेखीत आणि वनखात्याची परवानगी घेऊन. रुपयाच्या नाण्याएवढ्या प्रवाळासाठी एवढी परवानगी लागते, आणि दुकानात बादलीतून विकतात!

मोठ्या ओहोटीच्या सकाळी चांगले बूट घालून खडकांवर या. झोअँथिड (मऊ प्रवाळांसारखे जीव) दिसतील, समुद्री अ‍ॅनेमोन दिसतील, नशीब असेल तर ऑक्टोपसही. फुकट. चिलर लागत नाही.

मिठागररोडकर :

दर्यासारंग, तुमचा अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच पुढचं लिहायचं होतं. सगळ्यांनीच वाचा.

कठीण प्रवाळ, म्हणजे ज्यांचा चुन्याचा सांगाडा असतो ते सगळे, शिवाय समुद्री पंखे, काळे प्रवाळ, समुद्री घोडे, हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे कायद्याच्या नजरेत वाघाच्या पंगतीला. मालवणला, अंदमानला किंवा लक्षद्वीपला फिरायला गेलात आणि किनाऱ्यावरून मेलेला पांढरा तुकडा "आठवण" म्हणून खिशात टाकलात तरी गुन्हा. बाजारात "लाइव्ह रॉक" म्हणून जो मिळतो तोही पुष्कळदा प्रवाळाचाच जुना सांगाडा असतो. म्हणून मी सुरुवातच कृत्रिम, सिरॅमिकच्या कोरड्या दगडांनी केली. जिवाणू त्यावरही धरतात, फक्त वेळ जास्त लागतो.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, साइट्सच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतल्या परदेशी जातींसाठी वेगळी चौथी अनुसूची आहे. त्यातले जिवंत प्राणी घरी असतील तर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदाराने "सगळं चालतं हो, कोण बघतंय" म्हटलं की मी तिथून निघतो. आयातीची कागदपत्रं आणि पक्की पावती, ही दोन नसतील तर स्वस्तातलाही तुकडा नको.

राहिला छंदाचा मुद्दा. ओहोटीला खडकावर मीही जातो. ते बघणं वेगळं. एकच जीव रोज, रात्री, अन्न घेताना, मिटताना बघत राहणं वेगळं. तुम्हाला पटेलच असं नाही.

दर्यासारंग :

पटलं नाही, पण कागदपत्रांचं लिहिलंत ते बरं केलंत. ते वरच्या पोस्टमध्ये टाका, लोक खालपर्यंत वाचत नाहीत.

मोहरीची_फोडणी :

वाचतेय. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात बाबांचा हात सोडून काचेला नाक लावून उभी राहायचे ते आठवलं. १९५१ ची इमारत ती. २०१५ ला नूतनीकरणानंतर मुलांना घेऊन गेले तेव्हा तिथे काचेचा बोगदा होता, पण मला जुन्या अंधाऱ्या टाक्याच आवडायच्या.

खाण्याचं विचारायचं होतं. दर रविवारी बाजारातून कोळंबी, तिसऱ्या, माकूल येतंच. तेच बारीक करून दिलं तर?

मिठागररोडकर :

द्या की, मी तेच देतो. फक्त काही पथ्यं. कोळंबी कोळणीकडची ताजी घ्या. सुपरमार्केटमधली सोललेली, पाकिटातली नको, तिला पाणी धरून ठेवायला पुष्कळदा फॉस्फेट लावलेलं असतं आणि टँकमध्ये फॉस्फेट म्हणजे शेवाळाला खतपाणी. कोळंबी, तिसऱ्यांचं मांस, माकूल सगळं आरओच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, मिक्सरला एकच झटका द्या, पीठ करू नका. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा चुरडून मिसळा, कारण शाकाहारी मासेही असतात. झिपच्या पिशवीत पापडासारखं पातळ थापून फ्रीझरला टाका आणि रोज नखाएवढा तुकडा मोडा. वितळल्यावर उरलेलं लाल पाणी टँकमध्ये ओतू नका, गाळून घ्या.

मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. हा सल्ला माशांसाठी नाही, घरातल्या शांततेसाठी.

केमिकललोचा :

लोकहो, या धाग्यात अजून कुणी चक्राबद्दल बोललंच नाही. टँक भरला, मीठ विरघळलं, पाणी काचेसारखं दिसतंय, म्हणून दुसऱ्या दिवशी मासे सोडणारे महाभाग आहेत. पाणी स्वच्छ दिसणं आणि पाणी तयार असणं यांचा काही संबंध नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया येतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडावर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँक रिकामा ठेवा. अमोनियाचे थेंब घाला किंवा कोळंबीचा तुकडा टाका, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय काहीही सोडू नका. यानंतर तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ येतं. घाबरून रसायनं ओतू नका, तो प्रवास आहे.

रीफसाठी माझे आकडे: अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. नायट्रेट शून्य करायच्या मागे लागू नका, ५ पीपीएम असलेलं बरं. मऊ प्रवाळांना पूर्ण निर्जंतुक पाणी मानवत नाही, ते बारीक होत जातात. आकडा थोडा इकडे-तिकडे असला तरी चालतो, तो रोज हलता कामा नये.

शेजारचा_बंड्या :

कॅल्शियम वाढवायला लोक चुन्याचं पाणी घालतात असं वाचलं. मग पानवाल्याकडचा चुना? डबी पाच रुपये!

केमिकललोचा :

हसताय, पण रसायन तेच आहे, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. रीफवाले त्याला काल्कवासर म्हणतात. लिटरभर आरओ पाण्यात दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतं, वरची नितळ निवळी घ्यायची. तिचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे थेंबथेंबच सोडायची, तीही रात्री, कारण रात्री टँकचा पीएच आपोआप उतरतो. एकदम ओतली तर टँक गेला. पानाच्या डबीतला नको, त्यात काय काय मिसळलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे शुद्ध मिळतो, हातमोजे घालून हाताळा.

आणि खरं सांगायचं तर फक्त मऊ प्रवाळ असतील तर यातलं काही लागत नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की मिठातूनच पुरेसं मिळतं.

पीएचवरून आठवलं. एसी लावून खिडक्या बंद करून चार माणसं झोपली की खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो, आणि सकाळी पीएच ७.७-७.८ दिसतो. लोक बफरच्या बाटल्या विकत आणतात. खिडकी उघडा आधी! नाहीतर स्किमरची हवेची नळी बाहेर काढा.

मिठागररोडकर :

नळीबद्दल सहमत, पण पावसाळ्यात डासांसाठी धूर मारायला येतात त्या दिवशी ती नळी आत घ्या आणि स्किमर बंद करा. त्या धुरात पायरेथ्रॉइड असतं. माणसाला फारसं काही होत नाही, पण मासे, आणि विशेषतः कोळंबी-खेकडे, यांना ते जहाल विष. स्किमर म्हणजे हवा पाण्यात घुसळणारं यंत्र, खोलीतलं सगळं तो थेट टँकमध्ये नेतो. खिडक्या लावा, टँकवर ओलं फडकं टाका, फिल्टरला ताजा कार्बन लावा. घरातली डासांची लिक्विडं, स्प्रे, पेस्ट कंट्रोल यांनाही हेच लागू.

कातळकडा :

एक इशारा, आणि तो गमतीत घेऊ नका.

झोअँथिड, पॅलिथोआ हे मऊ प्रवाळ सगळ्यांत सोपे, स्वस्त, रंगीत, म्हणून नवशिक्याच्या हाती आधी तेच येतात. त्यांपैकी काहींत, पॅलिथोआत जास्त, पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. नको असलेले झोअँथिड दगडावरून जावेत म्हणून लोकांनी दगड उकळत्या पाण्यात टाकले, गरम पाण्याखाली ब्रशने घासले, आणि त्या वाफेने घरातली माणसं हॉस्पिटलात गेली. परदेशात असं अनेकदा झालंय. दगड उकळू नका, कोरडा घासू नका. तुकडा कापायचा तर हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर कापूच नका. कापताना तोंडावर पिचकारी उडते, ती डोळ्यात गेली तर काय होतं ते वाचायलाही नको वाटेल. तोंडाने नळी ओढून पाणी काढायची सवय असेल तर आजपासून बंद.

रानमेवा :

बाप रे. हे दुकानात कुणी सांगितलं नाही.

आणि मी आजच घाबरून लिहायला आलेय! आमचा दोन फुटी सुरू झालाय (होय, कागदं बघून, पावती घेऊन, आणि चक्र पूर्ण करून). लाल-पांढऱ्या पट्ट्याचा क्लीनर श्रिम्प आणला होता. आज सकाळी दगडामागे पडलेला दिसला. अगदी मिशांसकट, पण रंग उडालेला, काचेसारखा. मेला का? पाणी खराब होईल म्हणून काढून टाकू? अमोनिया शून्य आहे.

मिठागररोडकर :

थांबा, पूजेला लागू नका. बॅटरी घेऊन दगडाच्या खालच्या फटीत बघा. डोळ्यांच्या जागी पोकळ, पाठीवर मानेपाशी चीर, पायांची टोकंसुद्धा शाबूत, असं असेल तर ती कात आहे. मेलेली कोळंबी गुलाबी-अपारदर्शक होते, पारदर्शक राहत नाही. कात टाकल्यावर नवं कवच मऊ असतं, म्हणून तो एखाददोन दिवस दडून बसतो. कात काढली नाहीत तरी चालेल.

रानमेवा :

सापडला!! फटीत मिशा हलतायत. मुलाने कात माचिसच्या डबीत घालून शाळेत नेलीय.

सातवा_मजला :

आता मलाही टँक घ्यावासा वाटायला लागलाय. दोन फुटी, भिंतीलगत.

शेजारचा_बंड्या :

गेला माणूस कामातून.

रोगांचं कुणी सांगा. माझ्या गोड्या पाण्याच्या माशांवर पांढरे ठिपके आले की मी बाटलीतलं औषध टाकायचो, दोन दिवसांत साफ.

केमिकललोचा :

इथे ते विसरा. समुद्री माशांवर येणारे पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन, वेगळा परजीवी. ठिपके पडून गेले की लोक समजतात मासा बरा झाला. तो परजीवी माशावरून उतरून वाळूत कोष करून बसलेला असतो, आणि त्यातून शेकड्याने पिल्लं बाहेर पडतात. यावर तांब्याचं औषध चालतं, पण तांबं प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई सगळ्यांना मारतं आणि दगडात मुरून बसतं. त्यामुळे मुख्य टँकमध्ये तांब्याचा थेंबही नाही. मासे वेगळ्या साध्या टाकीत काढून तिथे उपचार करायचे आणि मुख्य टँक माशांविना ठेवायचा, साधारण ७६ दिवस, कारण काही कोष फार उशिरा फुटतात. अडीच महिने रिकामा टँक बघत बसण्यापेक्षा प्रत्येक नवा मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवणं स्वस्त पडतं. कुर्ल्याहून आणा की क्रॉफर्ड मार्केटहून, थेट टँकमध्ये नाही.

मोहरीची_फोडणी :

दिवे गेले तर? आमच्याकडे क्वचितच जातात, पण १२ ऑक्टोबर २०२० ला अर्धा दिवस अंधारात बसलो होतो ते आठवतंय.

मिठागररोडकर :

मुंबईत दिवे जात नाहीत या भरवशावर बसलेल्या रीफवाल्यांची त्या दिवशी झोप उडाली. पहिला धोका ऑक्सिजनचा, तापमानाचा नंतर. पंप बंद पडला की पृष्ठभाग स्थिर होतो आणि मासे, प्रवाळ, दगडातले जिवाणू सगळे उरलेला ऑक्सिजन संपवत बसतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअरपंप घरात ठेवाच. शक्य असेल तर एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या, तो २०-२५ वॅटच खातो. चिलर इन्व्हर्टरवर टाकायच्या भानगडीत पडू नका. दिवे येईपर्यंत खायला घालू नका. आणि काहीच नसेल तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून परत ओतत राहा, दर पंधरा-वीस मिनिटांनी. हात दुखतो, मासे जगतात.

रानमेवा :

शेवटचा प्रश्न, नक्की शेवटचा. गणपतीत आम्ही आठ दिवस गावी, देवगडला. समोरच्या काकू चावी घेऊन येतील, पण त्यांना माशांची फार माया. भूक लागली असेल बिचाऱ्यांना म्हणून दिवसातून चारदा घालतील. काय करू?

मिठागररोडकर :

मायाळू काकू हे चिलर बंद पडण्याइतकंच मोठं संकट आहे, अनुभवी माणसं दुजोरा देतील.

औषधाच्या पुड्या असतात तशा रोजच्या खाण्याच्या पुड्या करा, प्रत्येकीवर वार लिहा, आणि बाकीचा डबा कपाटात कुलूपबंद. एक दिवस आड पुरेसं आहे, सुदृढ मासे त्याने रोडावत नाहीत. म्हणजे चारच पुड्या.

उडणाऱ्या पाण्याची सोय आधी करा. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, त्यामुळे भरायचं ते नेहमी साधं आरओचं. काकूंना हे समजावत बसू नका, ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं यंत्र) बसवा. तुमच्या दोन फुटीला दिवसाला लिटरभर लागेल, एसी चालू असेल तर थोडं जास्त. दहा दिवसांचं पाणी धरून पंधरा लिटरचा डबा ठेवा. फार मोठा नको. फ्लोट अडकला तर डब्यातलं सगळं पाणी टँकमध्ये जाणार, तेव्हा डबा एवढाच असावा की तो पूर्ण रिकामा झाला तरी टँक ओसंडणार नाही आणि क्षारता फार खाली जाणार नाही. जायच्या आठवडाभर आधी बसवा, आदल्या रात्री नाही. नवीन यंत्र पहिल्या दोन दिवसांतच काय ते रंग दाखवतं.

निघायच्या दिवशी पाणी बदलू नका, नवा मासा तर नाहीच नाही. स्किमरची वाटी रिकामी करून ठेवा. टँकचा एक फोटो काढून काकूंना पाठवा आणि लिहा, "असं दिसलं तर सगळं ठीक. पाणी पांढुरकं दिसलं, वास आला किंवा जमीन ओली दिसली तर लगेच फोन करा." दिव्याचं बटण टायमरवर, त्यावर चिकटपट्टी लावा. मेन स्विचपाशीही चिठ्ठी लावा, कारण घर बंद आहे म्हणून कुणीतरी भल्यासाठी मेन बंद करून जातं.

रानमेवा :

मेन स्विचची चिठ्ठी! नवऱ्याची हीच सवय आहे, निघताना दाराशी सगळं बंद करायचं. चिठ्ठी आत्ताच लावते.

सातवा_मजला :

दोन फुटीचा स्टँड लोखंडी घ्यावा की मरीन प्लायचा? खारट पाणी सांडणारच म्हणताय तर.

मिठागररोडकर :

लोखंडी घेतलात तर पावडर कोटिंगवाला, आणि वेल्डिंगच्या जागा उलटसुलट करून तपासा, गंज तिथूनच धरतो. मरीन प्लायला कापलेल्या कडांवर दोन हात इपॉक्सी मारा, नाहीतर मीठ कडेतून शिरतं आणि प्लाय फुगतो. भार मोजायचं मी तुम्हाला सांगायला नको.